पाणचक्की ते नॅनोद्रव : पाणी वाहून नेण्याचा खर्च कोण भरतो?

छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्की पाहिलेल्यांपैकी बहुतेकांनी फिरते जाते पाहिलेले असते, कारंजी पाहिलेली असतात आणि भिंतीवरून हौदात कोसळणाऱ्या पाण्याबरोबर छायाचित्रही काढलेले असते. त्या हौदाखालच्या दालनाकडे मात्र फारसे कोणी थांबून पाहत नाही. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. वर पाणी, खाली खांबांवर तोललेली प्रशस्त जागा. दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंना आणि फकिरांना तेथे आसरा मिळे. मराठवाड्यातल्या मे महिन्यात डोक्यावर तापलेल्या गच्चीऐवजी पाण्याचा थर असणे म्हणजे काय, हे येथे राहणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्या गारव्यामागचे गणित सोपे आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. हौदाच्या एका चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसभरात ५ मिलिमीटर पाणी उडून गेले असे धरा. उन्हाळ्यात हा अंदाज कमीच ठरेल. तेवढ्या पाण्याने सुमारे १२,००० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत तीन युनिटांहून अधिक उष्णता वरच्या वर नेलेली असते. शिवाय डोंगराकडून जमिनीखालून आलेले थंड पाणी सतत आत येत असते आणि उरलेले खाम नदीकडे निघून जाते. या व्यवस्थेत पंप नाही, पंखा नाही, आणि देयकही नाही.

आजचा धागा याच विषयावर आहे. द्रव हा ऊर्जेचा वाहक असतो. तो उष्णता नेतो, दाब नेतो, वजन नेतो. पण द्रवाला स्वतःला कोणीतरी न्यावे लागते आणि त्या वाहतुकीची किंमत कोणीतरी मोजत असते. ऊर्जा कार्यक्षमतेच्या चर्चेत नेमकी हीच नोंद बऱ्याचदा खतावणीतून गळते. चारशे वर्षांच्या या शहरात ती नोंद कशी बदलत गेली ते पाहू. शेवटी आपण अभियांत्रिकीच्या आजच्या प्रयोगशाळेत जाणार आहोत, तेव्हा थोडा धीर धरा.

सुरुवात खडकीपासून. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे नवी राजधानी वसवली. हबशी वंशाचा, इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस बगदादमार्गे दख्खनेत आला होता. त्याच्या गनिमी युद्धतंत्राविषयी आपण पुष्कळ वाचतो. त्याच्या पाण्याविषयी कमी. खडकीची जागा लष्करी दृष्टीने सोयीची होती, पण बेसाल्टच्या पठारावर वाढत्या वस्तीला बारमाही पाणी पुरवणे सोपे नव्हते.

येथे काळाचा एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. १६१५ च्या सुमारास मोगलांच्या दख्खनेतील मुख्य ठाण्यात, म्हणजे बुऱ्हाणपुरात, अब्दुर्रहीम खानखानानच्या कारकिर्दीत भूमिगत जलव्यवस्था उभी राहिली. ती ‘कुंडी भंडारा’ या नावाने आजही दाखवतात. पुढच्याच वर्षी, १६१६ मध्ये, रोशनगावच्या लढाईनंतर मोगल सैन्याने खडकीत शिरून शहर जाळले. त्या सैन्याचा सेनापती होता शाहनवाझखान, खानखानानचाच मुलगा. बापाने पाणी आणले आणि मुलाने शहर जाळले, असे म्हटले तर जरा नाट्यमय होईल. पण दोन्ही बाजूंना हे तंत्र माहीत होते, एवढे त्यातून नक्की दिसते. अहमदनगरातही (आजचे अहिल्यानगर) निजामशाहीच्या काळापासून खापरी नळांतून पाणी आणणाऱ्या नहरी होत्या आणि अंबरची हयात त्याच दरबारात गेली होती. अंबरला हे सारे कोणा एका परदेशी कारागिराने एकाएकी शिकवले, अशा कथांवर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही. नहर-ए-अंबरीचा काळ सामान्यतः १६१७ च्या सुमाराचा, म्हणजे जळिताच्या लगेच नंतरचा मानला जातो. पंधरा महिने आणि अडीच लाख रुपये हा तिचा खर्च परंपरेने सांगितला जातो. आकडा जपून घ्यावा. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. जळालेल्या शहराची उभारणी पाण्यासकट झाली.

नहर म्हणजे उघडा कालवा अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात शहराच्या उत्तरेकडील डोंगरउतारावर मुरलेले पाणी जमिनीखालीच गोळा करायचे आणि बांधीव भुयारातून व खापरी नळांतून हळूहळू उतरवत शहरातल्या हौदांपर्यंत न्यायचे, अशी ही रचना. पाणी झाकलेले असल्यामुळे ते उडून जात नाही आणि तापतही नाही.

खरे कौशल्य उतारात होते. उतार फार ठेवला तर पाणी वेगाने धावते, सांधे झिजतात आणि नळ फुटतात. फार कमी ठेवला तर गाळ बसतो. हजार मीटर लांबीला एक-दोन मीटर, इतका बारीक उतार मैलोन्मैल राखायचा, तोही आजची उपकरणे नसताना! नळातून वाहणाऱ्या पाण्यात हवा अडकली की प्रवाह कोंडतो, म्हणून मार्गात जागोजाग उभे मनोरे बांधले. मनोऱ्यातून हवा निघून जाई आणि पाण्याचा दाबही मर्यादेत राही. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाने दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भार येतो. भाजलेल्या मातीच्या नळाला तो सतत सोसवणारा नाही. काही अंतरावर माणूस उतरेल अशी विवरेही होती. त्यांतून उतरून गाळ काढत. या विवरांकडे लक्ष असू द्या, कारण पुढची सारी गोष्ट गाळाचीच आहे.

नहर-ए-अंबरी ही पहिली. शहर १६५३ पासून औरंगाबाद झाले, वाढले, आणि तिच्या पाठोपाठ इतरही नहरी झाल्या. थत्ते नहर आणि तिचा हौद जुन्या शहरातल्या लोकांना ठाऊक आहे. पाणचक्कीची नहर त्यांपैकीच एक. तिचा उगम उत्तरेला काही किलोमीटरवर आहे.

पाणचक्कीच्या तारखेविषयी मात्र थोडे थांबायला हवे, कारण येथे इतिहासाचा विद्यार्थी अडखळतोच. अनेक ठिकाणी १६९५ हे वर्ष दिलेले असते, तर काही लेखनात १७४४. पहिले वर्ष देणारेच पुढे असेही लिहितात की, हे काम निजामुल्मुल्क आसफजाहच्या पदरी असलेल्या तुर्कताझखान या सरदाराने केले. आता पाहा. आसफजाह १६७१ मध्ये जन्मला. १६९५ मध्ये तो चोवीस वर्षांचा मोगल अधिकारी होता आणि निजामुल्मुल्क ही पदवी त्याला १७१३ मध्ये मिळाली. दख्खनेत त्याची स्वतंत्र सत्ता १७२४ नंतरची. म्हणजे वर्ष आणि आश्रयदाता यांचे जुळत नाही. दुसरे साधन आहे ‘मलफूझात-ए-नक्शबंदिया’. बाबा शाह मुसाफिर यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी संकलित केलेला हा फारसी ग्रंथ. सायमन डिग्बी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध केला. मुसाफिरशाह १७१५ च्या सुमारास वारले आणि पुढची काही दशके शाह महमूद यांच्याकडे दर्ग्याची सूत्रे होती. पाण्याचे काम, हौद, बाग असा विस्तार त्यांच्या काळाशी जोडणे मला अधिक सयुक्तिक वाटते. तेव्हा पाणचक्की अठराव्या शतकातली, असे धरून पुढे जाऊ.

चक्की करत काय होती? नहरीचे पाणी भिंतीत उंच चढवून वरून खाली सोडले जाते. नळ बंद असल्याने पाणी आपल्या मूळच्या उंचीच्या जवळपास पुन्हा वर येते. हे तत्त्व नहरीच्या कारागिरांना उत्तम माहीत होते. पडणारे पाणी पात्यांवर आदळते, आस फिरतो, आसाबरोबर जात्याची तळी फिरते. समजा, सेकंदाला २० लिटर पाणी ५ मीटरवरून पडते आहे. त्यातली शक्ती सुमारे १००० वॅट. जुन्या धाटणीच्या चाकातून तिचा तिसरा हिस्सा जरी पदरात पडला, तरी ३०० वॅट झाले. ऐकायला किरकोळ, घरातला मिक्सर याहून जास्त घेतो. पण जात्यावर बसून सतत दळणारे माणूस तासन्‌तास टिकेल अशी ५०-६० वॅटच शक्ती देऊ शकते. म्हणजे ही चक्की पाच-सहा जणांचे काम करी, रात्रंदिवस, न थकता.

आणि दळणारे ‘माणूस’ म्हणजे कोण, हेही सांगायला हवे. महाराष्ट्रात जात्याचा खुंटा पहाटे बाईच्याच हाती असे. ओव्यांचे सारे भांडार त्या श्रमातून आले. पाणचक्कीवर यात्रेकरूंसाठी, दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि सैनिकांसाठी धान्य दळले जाई. तेथे कोणा बाईला पहाटे उठावे लागले नसेल. पण त्याच नहरीवर जगणाऱ्या शहरातल्या घराघरांत जाते फिरतच राहिले. पाण्याची शक्ती होती, ती दर्ग्यापुरती. ऊर्जा वाचली असे म्हणताना ती कोणाची वाचली, हा प्रश्न अठराव्या शतकातही लागू होता.

एकाच पाण्याने मात्र किती कामे केली पाहा. ते डोंगरातून स्वतःच्या वजनाने आले, चक्की फिरवली, हौद भरला, खालचे दालन थंड केले, बाग जगवली आणि मग नदीला मिळाले. याचा अर्थ ते फुकट होते असा नाही. खर्च होता तो माणसांचा: विवरात उतरून गाळ काढणारे, फुटलेले खापरी नळ बदलणारे, सांध्यांत चुना भरणारे. हे काम होत राहिले तोवर नहर वाहिली. सरकारे बदलली, कामे कोणाची हे ठरेनासे झाले आणि नंतर नहरींच्या मार्गावरच घरे, रस्ते आणि झाडांची मुळे आली. ज्या नहरी आटल्या, त्यांतील पुष्कळ ठिकाणी डोंगरात पाणी नव्हते म्हणून नव्हे, तर वाट बुजली म्हणून आटल्या.

विसाव्या शतकात शहराने पाण्यासाठी उत्तरेकडून दक्षिणेकडे तोंड फिरवले. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण झाले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. नाथसागराचे पाणी मराठवाड्याच्या दृष्टीने अफाटच. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहती, वाढलेले शहर, हे सारे त्या पाण्याविना अशक्य होते. नहरींनी लाखो लोकांची तहान भागली असती असे म्हणणे हा निव्वळ भाबडेपणा आहे.

पण जागा पाहा. जायकवाडीची पूर्ण जलपातळी १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर. अंबरचे पाणी वरून खाली येत होते, आपले पाणी खालून वर जाते. सुमारे ४० किलोमीटर दूर आणि किमान १०० मीटर उंच.

हा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला, काहीही वाया न जाता, ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षम धरले तर ०.३९ युनिट. दिवसाला दहा कोटी लिटर पाणी आणायचे म्हटले, तर केवळ उंचीसाठी रोज सुमारे ३९,००० युनिट. वर्षाला जवळपास दीड कोटी. त्यात नळातले घर्षण अजून धरलेलेच नाही. फारोळ्याला शुद्धीकरण आणि नक्षत्रवाडीच्या टेकडीवर साठा करून पाणी पुन्हा शहरात उतरते. म्हणजे मलिक अंबरला डोंगराने दिलेली उंची आपण विजेने विकत घेतो. म्हणूनच वीज गेली की पाणी जाते. या शहरात पाणीपुरवठा विस्कळीत झाल्याच्या बातमीत पंपगृहाचा वीजपुरवठा हे कारण किती वेळा असते, ते तुम्ही स्वतःच आठवा.

घर्षणाची गोष्ट उंचीपेक्षा वेगळी आहे. तितकेच पाणी न्यायचे असेल, तर नळाचा व्यास वाढवताच घर्षणातील हानी व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने उतरते. जुन्या जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या. नव्या योजनेतील वाहिनी २५०० मिलिमीटरची. १४०० वरून २५०० वर गेले, तर तेवढ्याच प्रवाहासाठी घर्षणाची हानी सुमारे अठराव्या हिश्शावर येते. मोठा नळ म्हणजे केवळ जास्त पाणी नव्हे, तो विजेचाही प्रश्न आहे. उंचीला मात्र कोणतीही सवलत नाही.

आता प्रयोगशाळेत येऊ. घर्षण आणि पंपाचा खर्च येथपर्यंत मुद्दाम ताणून आणला, कारण अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आज ज्या ‘नॅनोद्रवां’वर संशोधन चालते, त्यांची सारी कहाणी याच खर्चाभोवती फिरते. आपल्या शहरातही, जेथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, या विषयाला वाहिलेले संशोधक भेटतात. कल्पना अशी: यंत्र थंड करण्यासाठी आपण पाणी किंवा तत्सम द्रव फिरवतो, पण उष्णतावहनात पाणी दुबळे आहे. त्याची उष्णतावाहकता ०.६, तर तांब्याची जवळपास ४००, म्हणजे साडेसहाशे पट. मग पाण्यात धातूचे कण मिसळले तर?

हा प्रश्न नवा नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८७३ मध्ये विद्युत आणि चुंबकत्वावरील आपल्या ग्रंथात, माध्यमात विखुरलेल्या गोळ्यांमुळे त्याची वाहकता किती बदलते याचे सूत्र दिले होते. तेच सूत्र उष्णतेलाही लागू पडते. अडचण व्यवहारात होती. कण मोठे असले की ते खाली बसत, नळ्या तुंबत, पंप झिजत. थोडक्यात, गाळ! १९९३ मध्ये जपानमध्ये मासुदा आणि सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म कणांचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि १९९५ मध्ये अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेत स्टीफन चोई यांनी अशा मिश्रणाला ‘नॅनोफ्लुइड’ हे नाव दिले. कण इतके लहान की ते सहजी तळाशी बसत नाहीत.

मग २००१ साली खळबळ उडवणारा निष्कर्ष आला. इथिलीन ग्लायकॉलमध्ये आकारमानाने केवळ ०.३ टक्के तांब्याचे सूक्ष्मकण मिसळले आणि वाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढली. मॅक्सवेलच्या सूत्राने ही वाढ एका टक्क्याच्या आतबाहेर असायला हवी होती. जगभर लोक कामाला लागले. भारतात आयआयटी मद्रास येथे सरित दास आणि टी. प्रदीप यांच्या गटांनी २००३ च्या आसपास महत्त्वाचे प्रयोग केले. मॅक्सवेल अपुरा पडतो आहे का, असे विचारले जाऊ लागले.

उत्तर २००९ मध्ये आले आणि ते ज्या रीतीने आले ती मला इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. जगभरातील तीसहून अधिक संस्थांनी सारख्याच नमुन्यांची, आपापल्या पद्धतींनी मोजणी केली. एमआयटीचे जाकोपो बुओनजोर्नो हे त्या प्रकल्पाचे अग्रणी. निष्कर्ष असा की, तपासलेल्या नमुन्यांत कोणतीही चमत्कारिक वाढ आढळली नाही. जुन्या, मॅक्सवेलच्या वळणाच्या सिद्धान्ताने आकडे व्यवस्थित समजतात. एकाच घटनेची अनेक साधने ताडून पाहणे आपण जसे करतो, तसेच हे. पाणचक्कीच्या तारखेला असा तीस संस्थांचा योग लाभलेला नाही, एवढाच फरक!

तरी नॅनोद्रव निरुपयोगी ठरले, असा अर्थ कोणी काढू नये. प्रश्न मोजमापाचा झाला. १ टक्का कण मिसळले, तर मॅक्सवेलप्रमाणे वाहकता जास्तीत जास्त ३ टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी द्रव घट्टही होतो. त्याचे सूत्र आईन्स्टाईनचे. १९०६ मध्ये मांडताना त्यात गणिताची चूक राहिली होती. फ्रान्समधील प्रयोगांशी ती जुळेना, तेव्हा १९११ मध्ये त्याने दुरुस्ती छापली. दुरुस्त सूत्राने १ टक्का कणांमुळे चिकटपणा २.५ टक्क्यांनी वाढतो. प्रत्यक्ष नॅनोद्रवांत ही वाढ अनेकदा याहून बरीच जास्त निघते. चिकटपणा वाढला की पंप जास्त वीज खातो. मग उष्णता-विनिमयात मिळवलेले पंपात गेले का, हे प्रत्येक द्रवासाठी, प्रत्येक तापमानाला, प्रत्येक नळीसाठी पुन्हा मोजावे लागते. २००१ ची बातमी वाहकतेची होती. २००९ नंतरचे चिकाटीचे काम पंपाचा खर्च धरून उरणाऱ्या शिलकीचे आहे. त्यात गाजावाजा नाही, आणि आपल्याकडच्या महाविद्यालयांतून होणारे बरेचसे काम याच प्रकारचे आहे.

माझ्या परिचयातील एक संशोधक विद्यार्थी ॲल्युमिनाचे कण पाण्यात मिसळून त्यावर काम करतो. त्याच्या टेबलावर काचेच्या बाटल्यांची एक रांग असते आणि प्रत्येकीवर तारीख. तो दर काही दिवसांनी त्यांची छायाचित्रे घेतो. पहिल्या दिवशी सगळ्या बाटल्या दुधासारख्या एकसारख्या दिसतात; काही आठवड्यांत काहींच्या तळाशी पांढरी साय धरते. ज्या बाटलीत गाळ धरला, तिचे उष्णतेचे आकडे कितीही चांगले असोत, तो ती बाजूला ठेवतो. खाली बसलेले कण उष्णता वाहून नेत नाहीत. ते फक्त नळी अरुंद करतात.

पाणचक्कीला गेलात, तर हौदाखालच्या दालनापाशीही जरा थांबा, आणि भिंतीवरून पाणी किती जोराने पडते आहे तेही पाहा. ती धार उत्तरेकडच्या नहरीत किती गाळ साचला आहे, यावरच ठरते.